शिखरदर्शन

टूरवाल्या श्रेणिकनं ऑफिसच्या टेबलावरून चकचकीत कागद पुढं केला, "घ्या काकू," म्हणाला, आणि केशरबाईचा हात कागदाकडं न जाता आवाजाकडं गेला. कागद खाली, हात वर. तिची बोटं हवेतच मिटली, काहीतरी धरल्यासारखी मिटली आणि पुन्हा उघडली. श्रेणिकनं, जणू धरायचं आपलंच चुकलं होतं अशा बेतानं, कागद उचलून तिच्या बोटांत दिला. "बाई, किती गुळगुळीत हाय," ती म्हणाली आणि हसली. एवढंच झालं. डोक्यावर पंखा फिरत होता, बाहेर गांधी चमनकडं जाणाऱ्या रस्त्यावर दोन रिक्षावाले एकमेकांची आई काढत होते, कुणाच्याही आयुष्यात काही घडलं नव्हतं. पण शेजारच्या खुर्चीत बसलेल्या तिच्या नवऱ्याला, सर्जेरावला, काहीतरी निसटल्यासारखं वाटलं. क्रेनला वजन लटकलेलं असताना साखळीची एक कडी घसरावी, तसं. त्यानं ते पाहिलं होतं. श्रेणिकनंही पाहिलं होतं. आणि श्रेणिकला त्याचं नवल वाटलं नव्हतं, हे जास्त वाईट होतं.

सर्जेरावचा संशय तसा त्या कागदावर होता. लुंबिनीबद्दल त्याचं काही म्हणणं नव्हतं. विहारातली माणसं निघाली होती, बोधगया, कुशीनगर, लुंबिनी. जायला पाहिजे, जाऊ. पण टूरच्या शेपटाला श्रेणिकनं काठमांडू बांधलं होतं आणि काठमांडूच्या शेपटाला हे. शेवटच्या सकाळी लहानसं विमान उठणार, बर्फाच्या डोंगरांच्या कडेकडेनं जाणार, हिमनद्या दाखवणार आणि तासाभरात उठलं तिथंच आणून सोडणार. ज्याला पाहिजे त्यानं घ्यावं, खर्च वेगळा. कुठं उतरायचं नाही, कशाला हात लावायचा नाही, एका खिडकीतून नुसतं बघायचं आणि परत यायचं. असलं जाणं सर्जेरावनं जन्मात ऐकलं नव्हतं. "आन् ढग आले तर?" त्यानं विचारलं होतं. "काका, निसर्ग आहे तो," श्रेणिक म्हणाला होता. निसर्गाचं नाव पुढं केलं की समजावं, माणूस मागच्या दारानं निघाला. "खिडकी केवढी असती?" श्रेणिकनं दोन्ही हातांनी हवेत अंड्यासारखा आकार काढला. "एवढीशी?" सर्जेरावचा आवाज चढला. "ताटाएवढ्या भोकातून हिमालय दाखवता काय लोकायला?" श्रेणिक हसला. धंद्यातला माणूस, तो कशालाही हसतो. "शनिवारपर्यंत सांगा काका, शिटा कमी हायेत." तेही आलंच. शिटा कायम कमीच असतात.

स्कूटरवर केशरबाई मागं बसली. बसताना तिनं आधी सीटवरून हात फिरवला. हे तिनं आजच केलं की रोज करते? सर्जेरावला आठवेना, आणि आठवत नाही याचाच त्याला राग आला. मामा चौकात सिग्नलला थांबल्यावर त्यानं आरशात पाहिलं. ती सरळ पुढं बघत होती, त्याच्या मानेवर कुणी काहीतरी लिहिलंय आणि ते वाचून संपवायचंय, अशी. डाव्या बाजूनं एक टेम्पो घासून गेला, त्यावर सळया लोंबत होत्या, कुणीही दचकलं असतं. ती दचकली नाही. टेम्पो पुढं आल्यावर दचकली.

घरी आल्यावर त्यानं तो कागद खिडकीखालच्या स्टुलावर टाकला. वर निळं आभाळ, पांढरी टोकं, आणि ठसठशीत मराठी अक्षरात छापलेलं: हिमशिखर दर्शन. दर्शन. हा शब्द त्याला कागदावरून चावायला उठला. भोकरदन तालुक्यातल्या धावड्याला त्याचा बाप कचरू लहान असताना, सणाच्या दिवशी म्हारवाड्यातली माणसं ओढ्याच्या अलीकडं उभी राहायची. ओढ्यापलीकडं देऊळ. आत जायचं नाही, ओढा ओलांडायचा नाही. पाटील म्हणायचा, "अरे, शिखर दिसलं म्हंजी पोचलं. शिखरदर्शनाला तेवढंच पुण्य हाय." ज्याला आत घ्यायचं नाही त्याच्यासाठी गावानं शोधलेला शब्द, शिखरदर्शन. लांबून बघ, हात जोड आणि घरी जा. कचरूच्या घराचं दारसुद्धा असं होतं की सकाळी उघडलं की समोर तो कळस. कचरूचा बाप उंबऱ्यात उभा राहून रोज हात जोडायचा. छप्पन सालच्या धर्मांतरानंतर कचरूनं काय केलं, तर एका दिवसात ते दार मातीनं लिंपून बंद केलं आणि मागची भिंत फोडून तिकडं दार काढलं. घरच उलटं फिरवलं. "लांबून दाखवणार असले तर आपुन बघतच न्हाई," तो म्हणायचा. गावानं नाव ठेवलं, उलट्या दाराचं घर. सर्जेराव त्या नावाच्या अभिमानावर वाढला. शाळेत मास्तरनं मागं बसवलं तर तो वर्गाकडं पाठ करून बसला आणि मार खाल्ला. पुरं द्या, नाहीतर ठेवा तुमच्याजवळ. आणि आता म्हातारपणी, त्याच्याच खर्चानं, त्यालाच लांबून शिखर दाखवणार! आणि ओढ्याच्या जागी काच.

वरून बघण्याचंही त्याला कवतिक नव्हतं. एमआयडीसीतल्या रोलिंग मिलमध्ये त्यानं सगळी उमर क्रेनच्या केबिनमध्ये काढली होती. शेडच्या छताखाली, काचेच्या पेटीत बसून खालची लाल सळई बघायची, इशाऱ्यावर वजन उचलायचं आणि सरकवायचं. वरून माणूस दिसत नाही, टोपी दिसते. खाली कुणी हसतंय की रडतंय, कळत नाही. एकदा सळई वळली आणि अप्पाराव नावाच्या पोराच्या मांडीत शिरली. वरून सर्जेरावला फक्त टोप्यांचं एक वर्तुळ झालेलं दिसलं, आणि काच बंद होती म्हणून आवाज आला नाही. पार चहाच्या सुट्टीला खाली उतरल्यावर त्याला कळलं की ते वर्तुळ कशाचं होतं. उंचावरून सगळं सुंदर दिसतं असं जे सांगतात, ते खाली उतरून राहिलेले नसतात. फक्त एकच गोष्ट त्याला वरून ओळखू यायची. डबा घेऊन केशरबाई फाटकाशी उभी राहायची, आणि शेडच्या उघड्या तोंडातून तो हिरव्या नाहीतर जांभळ्या साडीचा ठिपका बराबर त्याच्या केबिनीकडं मान वर करायचा. दोन क्रेन होत्या. ती कधी चुकली नाही. तिची नजरच तशी होती. लग्नात लोक म्हणाले होते, पोरगी सुईत दोरा अंधारात ओवती.

मग आजचा हात हवेत कसा मिटला?

एकदा शोधायला लागलं की सगळीकडं सापडतं. संशयाचं ते बरं असतं, उपाशी राहत नाही. फ्रिजच्या दारात एक चिमुकली बाटली होती. "डोळ्याची आग होती, थेंब हायेत," असं तिनं सांगितलं होतं. कधी? उन्हाळ्यात, अक्षताकडून, पुण्याहून आल्यावर. पोरगी दवाखान्यात नर्स. आग होते म्हणून कुणी इतके महिने थेंब टाकतं? गच्चीवर वाळवण घालायला ती हल्ली शेजारच्या पायलला पाठवते. विहारात बसताना कायम भिंतीकडेला बसते. चालताना त्याच्या उजव्या अंगाला राहते, आणि तो चुकून उजवीकडं गेला तर नकळत फिरून पुन्हा आपली बाजू धरते. इतकं सगळं त्याच्या नाकासमोर, आणि तो मात्र श्रेणिकची लबाडी शोधत बसला होता. मग आणखी एक विचार आला. अक्षता फोनवर सारखं म्हणत होती, "पप्पा, आईला त्या विमानात बसू द्या, खर्चाचं मी बघते." तिला काय पडलंय? बेबीनंदा, केशरबाईची विहारातली मैत्रीण, कालच दारात उभी राहून म्हणाली होती, "भाऊजी, जय भीम. तुमी जन्मभर उंच बसले, आमाला तासभर तरी बसू द्या की! का तिथंबी लायसन लागतं?" आणि हसता हसता तिनं केशरबाईच्या दंडाला धरून उंबरा ओलांडून दिला होता. तेव्हा ते प्रेम वाटलं होतं. सगळ्यांना ठाऊक होतं तर. पोरीला, बेबीनंदाला, त्या श्रेणिकलासुद्धा. मयताला उचलायच्या आधी जसं म्हणतात, या, शेवटचं तोंड बघून घ्या, तसं हे तिला डोंगर दाखवायला निघाले होते. आणि घरचा माणूस, ज्याच्या शेजारी ती झोपते, तो तेवढा बाहेर उभा. ओढ्याच्या अलीकडं.

दुपारी ऊन घरात पार भिंतीपर्यंत आलं होतं. दिवा लावायची गरज नव्हती, सगळं लख्ख होतं. केशरबाई मागं अंगणात दोरीवरचे कपडे काढत होती. विचारता आलं असतं. जिच्याशी इतकी वर्षं संसार केला तिला 'तुला दिसतं का' एवढं विचारायला काय लागतं? पण विचारलं की ती "बिलकुल दिसतं" म्हणणार, आणि मग तिच्या शब्दावर विश्वास ठेवावा लागणार. सर्जेराव उठला. खिडकीखालचं स्टूल त्यानं उचललं, त्यावरचा हिमालय पलंगावर ठेवला, आणि स्टूल नेऊन मधल्या दाराच्या आत, डाव्या अंगाला, वाटेत ठेवलं. चहा आणत असती तर ठेवलं नसतं. तेवढी अक्कल त्यानं वापरली, आणि त्या अकलेचं त्याला थोडं समाधानही वाटलं, हे लपवण्यात अर्थ नाही. मग तो पलंगावर बसला. हातभर अंतरावर.

ती आली. छातीशी घड्या घातलेल्या साड्या, मान ताठ, नजर समोरच्या भिंतीवरच्या बाबासाहेबांच्या फोटोवर. स्टूल उजेडात नागडं उभं होतं. दोन वर्षांच्या पोरानंही चुकवलं असतं. तिची नडगी त्यावर खाडकन आदळली, साड्या उडाल्या, ती गुडघ्यावर पडली आणि स्टूल लोळत पलंगाला येऊन लागलं.

ती ओरडली नाही. नडगी दाबून बसली. मग तिनं हात पुढं करून स्टूल चाचपलं. वरची फळी, कडा, एक पाय, दुसरा पाय, ओळखीच्या माणसाचा चेहरा अंधारात चाचपावा तसं. "हे तर खिडकीखाली असतं," ती स्वतःशी म्हणाली. मग मान न वळवता, हाक मारावी तसा आवाज काढून म्हणाली, "अहो, हाय का तुमी घरात?"

हातभर अंतरावर. त्याला वाटलं, गप्प राहावं. असंच उठून चपला घालून निघून जावं, संध्याकाळी यावं आणि विचारावं, काय गं, नडगीला काय झालं. हे त्याला खरोखर वाटलं. पण उठायला गेला तर त्याच्या हाताखालचा तो चकचकीत कागद कुरकुरला.

"हाय," तो म्हणाला.

तिनं मान वळवली. तिची नजर आधी भिंतीवर पडली, मग पलंगाच्या पायावर, मग सरकत सरकत, भोकातून बघितल्यासारखी, त्याच्या तोंडावर येऊन थांबली आणि तिथंच राहिली.

"तुमीच ठेवलं ना?"

"हां."

"बघायला?"

"हां."

"मंग? दिसलं का तुमाला?"

तो खाली उतरला, तिच्या शेजारी फरशीवर बसला. नडगीवर सोललं होतं, रक्त बारीक रेघेनं वर येऊ लागलं होतं. "हळद आणू?" "ऱ्हाऊ द्या. हळदीच्या डब्याचीबी जागा बदलून ठेवसाल." ती हे इतक्या साध्या आवाजात बोलली की तो हसावं की मरावं या विचारात पडला.

"कवापासून?" त्यानं विचारलं.

"अक्षताकडं गेल्ते तवा कळलं. त्याच्या आधीपासून असंल. काचबिंदू म्हणतात. कडेकडेनं खात येतो. गेलेलं येत न्हाई, राहिलेलं थेंबानं धरून ठेवायचं."

"धरल्या जाईल का?"

"काही दिवस. डॉक्टर बराबर सांगत न्हाईत. ते तरी काय सांगतेल."

"अन् मला सांगितलं न्हाई. पोरीला म्हाईत, बेबीनंदाला म्हाईत, त्या मारवाड्याला म्हाईत..."

"श्रेणिकच्या मायलाबी हेच हाय. त्यानं बघूनच वळखलं. कुणी सांगितलं न्हाई त्याला." तिनं पदराचं टोक नडगीवर दाबलं. "तुमाला सांगितलं असतं तर तुमी काय केलं असतं? दार फिरवलं असतं."

"म्हंजी?"

"तुमच्या घराची रीतच हाय ती. पुरं मिळत नसंल तर दारच फिरवायचं. मामंजींनी फिरवलं, त्यांचं बराबर होतं, मी न्हाई म्हणत न्हाई. पण ते नवं दार आलं वाऱ्याच्या तोंडाला. जुनं लिंपून टाकलं. चुलीचा धूर जायचा कुठून? मामंजी बाहेर बाजंवर बसून बिडी वढायचे, म्हणायचे, आता देऊळ दिसत न्हाई. आत सासूबाईला भाकर दिसत न्हव्हती. मी लग्न करून आले तवा पहिलं वरीस मला तुमचं तोंडबी धड दिसलं न्हाई, डोळ्यांतून नुसतं पाणी. कुणी इचारलं आमाला, बायांनो, तुमाला दार कुठं पाहिजे?"

सर्जेरावनं ती गोष्ट किती ठिकाणी सांगितली होती! मिलच्या कँटीनमध्ये, विहारात, जयंतीच्या सभेत एकदा माइकवर. उलट्या दाराचं घर. माणसांनी टाळ्या वाजवल्या होत्या. त्या गोष्टीत चूल कधी आली नव्हती. आई होती, पण धूर नव्हता. आता त्याला आठवलं की आई कायम पदराचं टोक डोळ्याला लावून असायची आणि तो लहानपणी समजायचा की तिची ती लकब आहे.

"त्या धुरानं झालं का हे?" त्यानं विचारलं, आणि हो म्हणाली तर काय करायचं, याची त्याला भीती वाटली.

"डॉक्टर म्हणले न्हाई. हे वेगळं असतं. घाबरू नका, तुमच्या बापावर न्हाई घालत मी." ती उठू लागली, मग पुन्हा बसली. "अन् तुमी असे बाजूला बसून बोलू नका ना. मला नुसता आवाज येतो, माणूस न्हाई दिसत. समोर या."

तो उठला. लोळलेलं स्टूल सरळ केलं, तिच्यापुढं ठेवलं आणि त्यावर बसला. इतक्या वर्षांत तो तिच्या समोर कधी बसला होता? जेवताना शेजारी, स्कूटरवर पाठमोरा, विहारात बायका एकीकडं आणि गडी एकीकडं.

"आता दिसलात," ती म्हणाली. "दाढी करा जरा."

"किती दिसतं?"

तिनं दोन्ही हात वर केले, अंगठ्याला अंगठा आणि बोटांना बोटं लावली आणि त्याच्या चेहऱ्याभोवती हवेत एक आकार धरला. लांबट, अंड्यासारखा. सर्जेरावनं तो आकार सकाळीच पाहिला होता.

"एवढं. याच्या आत सगळं बराबर दिसतं, तुमच्या नाकावरचा तीळबी दिसतो. याच्या भवती काई न्हाई. तुमी सकाळी श्रेणिकशी भांडत व्हते ना, खिडकी केवढीशी म्हणून? मला हसू येऊन राह्यलं व्हतं. इमानातल्या बाकीच्यांना कमी पडंल ती. मला मापात हाय."

बाहेर कुणाच्या तरी कुकरची शिट्टी झाली. नळाला पाणी येऊन किती दिवस झाले होते कोण जाणे. गल्लीतली ड्रमं कोरडी उभी होती, कुंडलिका नदीत वास सोडून काही वाहत नव्हतं, आणि पलंगावरच्या त्या कागदात डोंगराच्या खांद्यावर अख्खी नदी गोठून थांबलेली. सर्जेरावचा संशय अजून मेला नव्हता. तो असा मरणारा नव्हता. फक्त इतका वेळ तो ज्या अंगाला भुंकत होता तिकडं कुणी नव्हतं, एवढं त्याला कळलं होतं.

"आन् ढग आले तर?" त्यानं विचारलं. दुसरं काही सुचलं नाही म्हणून. "इतक्या लांब जायाचं आन् पांढऱ्या भिंतीसारखं नुसतं..."

"आले तर आले." केशरबाई पडलेल्या साड्या गोळा करत होती, एक एक, हातानं फरशी झाडत. "मंग इमानातले सगळेच माझ्यावानी. बेबीनंदासुद्धा. तासभर बराबरी."

शनिवारी तो तिला घेऊनच गेला. श्रेणिकच्या ऑफिसच्या पायऱ्या उंच होत्या. ती म्हणाली, "मी इथंच थांबते स्कूटरपाशी," आणि त्यानं ओढलं नाही. आत श्रेणिकनं त्याच्याकडं बघितलं, मग दारातून बाहेर बघितलं, आणि पेन उचललं.

"दोन?"

"दोन. डोंगर कोणत्या अंगाला असतो?"

"जाताना डाव्या खिडकीला, येताना उजव्या. म्हणजे दोन्हीकडच्यांना दिसतं काका, फसवत नाही."

"तिचा उजवा डोळा जरा बरा हाय. कुठं बसवू?"

श्रेणिकचं हसू गेलं. त्यानं पेन खाली ठेवलं. "डावीकडं नका बसवू," तो म्हणाला. "माझ्या आईला बसवलं होतं मी. मान पूर्ण फिरवावी लागली तिला, दुखून आली. उजवीकडं बसवा, येताना बघू द्या निवांत. कमी बघंल, पण पुरं बघंल." पहिल्यांदाच तो धंद्यातल्या माणसासारखा बोलला नव्हता, सर्जेरावनं त्यातही काही खोट आहे का ते तपासलं, आणि सापडली नाही तेव्हा त्याला चुकल्याचुकल्यासारखं झालं.

श्रेणिक पावतीवर लिहू लागला. हिमशिखर दर्शन, दोन व्यक्ती.

"ते खोड," सर्जेराव म्हणाला.

"काय काका? नाव चुकलं?"

"दर्शन खोड."

"अहो, ते छापलेलंच असतं, सगळ्यांना तेच..."

"तुझ्या कागदावर काय छापायचं ते छाप. माझ्या पावतीवर खोड. दर्शन घ्यायला न्हाई चाललो आमी. हात जोडणार न्हाई कुणी. बघायला चाललो. बघणं लिही."

श्रेणिकनं त्याच्याकडं पाहिलं. त्याला काही कळलं नसावं, आणि सर्जेरावला समजावून सांगायचं नव्हतं. शेवटी त्यानं त्या शब्दावर एक आडवी रेघ मारली आणि वर बारीक अक्षरात लिहिलं: बघणे.

पावती खिशात घालून सर्जेराव पायऱ्या उतरला. केशरबाई स्कूटरच्या सीटवर हात ठेवून उभी होती, रस्त्याकडं तोंड करून, आणि तो तिच्या डाव्या अंगानं येत होता. सवयीनं त्यानं हाक मारायला तोंड उघडलं. मग मिटलं. रिक्षावाल्यानं शिवी घातली तरी तो रस्त्यात उतरला, तिला पूर्ण वळसा घालून गेला, आणि बराबर तिच्या समोर जाऊन उभा राहिला.